जिभेवर ठेवलेला देव : ‘पर्पल हिबिस्कस’चं परीक्षण

पहिल्याच पानावर एक बाप आपल्या मुलाच्या दिशेने मिस्साग्रंथ, म्हणजे कॅथलिक उपासनेचं पुस्तक, भिरकावतो. नेम चुकतो. चामडी बांधणीचा तो जाडजूड ग्रंथ काचेच्या मांडणीवर आदळतो आणि तिच्यावरच्या बोटभर उंचीच्या चिनी मातीच्या नर्तकी फरशीवर पडून फुटतात. निमित्त एवढंच, की त्या दिवशी, ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी, मुलगा ख्रिस्तप्रसाद, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेली चकती, घ्यायला वेदीपुढे गेला नाही. या भागाच्या शीर्षकात देव फोडण्याची भाषा आहे, आणि मराठी वाचकाला मूर्तिभंजन हा शब्द लगेच आठवतो. पण इथे फुटलं काय ते नीट बघा. देवळातली मूर्ती जागच्या जागी आहे. फुटल्या आहेत आईच्या बाहुल्या. त्या फोडल्या आहेत मूर्तिपूजेचा तिटकारा असलेल्या माणसाने, आणि तेही प्रार्थनेच्या पुस्तकाने.

चिमामांडा न्गोझी अदिची या नायजेरियन लेखिकेची ही पहिली कादंबरी. २००३ साली इंग्रजीत आली आणि २००५ साली तिला पहिल्या पुस्तकासाठीचा राष्ट्रकुल लेखक पुरस्कार मिळाला. पानं सुमारे तीनशे. निवेदन पंधरा वर्षांच्या काम्बिलीचं. तिचा भाऊ जाजा तिच्याहून थोडा मोठा. वडील युजीन हे एनुगू शहरातले बडे कारखानदार. बिस्किटं, फळांचे रस बनवतात, लष्करी राजवटीपुढे न झुकणारं वृत्तपत्र चालवतात, गरजूंना सढळ हाताने देतात, आणि घरात बायकोमुलांना मारतात. आई बिआट्रिस. वडिलांची बहीण इफेओमा, विधवा, न्सुक्का विद्यापीठात शिकवते. तिच्याकडे राहायला गेल्यावर या दोन मुलांना पहिल्यांदा कळतं की घर वेगळंही असू शकतं.

‘धर्मवेडा बाप, सोसणारी आई, बंड करणारा मुलगा’ असा या कादंबरीचा सारांश सर्रास सांगितला जातो. त्यात चूक काही नाही, पण तो फार वरवरचा आहे. अदिची यांनी धर्माची चिन्हं सजावटीला वापरलेली नाहीत. प्रत्येक चिन्ह कुणाच्या तरी शरीरावर येऊन टेकतं. ग्रंथ, झावळ्या, पाणी, प्रसाद, राख या प्रत्येक गोष्टीबाबत ती कुणाच्या हातात आहे आणि कुणाच्या कुठल्या अवयवाला लागते आहे, असं विचारत वाचलं की कादंबरीचा खरा आराखडा दिसायला लागतो. बाईने कसं असावं आणि पुरुषाने कसं असावं हे या घरात कुणी शिकवत बसत नाही. ते अंगावर लिहिलं जातं.

सुरुवात जिभेपासून करू, कारण कादंबरीही तिथूनच सुरू होते. युजीन आपल्या कपातला चहा स्वतः पिण्याआधी मुलांना एकेक घोट देतात. या घोटाला घरात प्रेमाचं नाव आहे. चहा इतका कढत असतो की जीभ पोळते, आणि नंतर जेवणात तिखट असलं की ती पोळलेली जीभ झोंबत राहते. काम्बिलीची खात्री आहे की त्या चटक्यातूनच वडिलांचं प्रेम तिच्यात उतरतं. आता याच्या शेजारी ख्रिस्तप्रसाद ठेवा. तोही जिभेवरच ठेवला जातो, तोही देणारा पुरुषच, आणि तो नाकारणं म्हणजे प्रेम नाकारणं. झावळ्यांच्या रविवारी जाजा बापाला काय सांगतो ते लक्षात घ्या. त्या चकतीने तोंडाला वास येतो आणि पाद्री तोंडाला हात लावतो ते सहन होत नाही, असं तो म्हणतो. धर्मशास्त्रावर तो अवाक्षरही काढत नाही. आपल्या तोंडात काय जावं हे आपण ठरवणार, एवढंच त्याचं म्हणणं. बाप म्हणतो, हे घेणं थांबवणं म्हणजे मरण. मुलगा म्हणतो, मग मरेन.

काम्बिलीच्या जिभेला मात्र असं वाक्य जमत नाही. शाळेच्या सभेत प्रतिज्ञा सुरू करायला तिला पुढे बोलावतात तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. वर्गातल्या मुली तिला शिष्ट समजतात. आत्तेबहीण आमाकाही सुरुवातीला तसंच समजते. पण ही मुलगी गप्प आहे कारण तिच्या तोंडात आधीच दुसऱ्यांनी बरंच काही भरून ठेवलं आहे. जेवणाआधीची वीस मिनिटांची प्रार्थना, वडिलांना आवडतील अशी उत्तरं, अभ्यासाच्या टेबलावर लावलेल्या वेळापत्रकातले तास. तिचं पहिलं स्वतःचं वाक्य येतं ते न्सुक्काच्या स्वयंपाकघरात, पालेभाजी निवडण्यावरून. आमाका टोमणा मारते, आणि काम्बिली शांतपणे सांगते की ओरडायची गरज नाही, मला हे येत नाही, तू दाखव. वाचताना हे वाक्य सहज निसटून जाईल. तसं होऊ देऊ नका. या मुलीच्या मोठं होण्यातला सर्वांत महत्त्वाचा क्षण हाच आहे, पुढे येणाऱ्या सगळ्या नाट्यमय प्रसंगांहून मोठा.

स्त्रीदेह आणि धर्मनियम एकमेकांसमोर उभे ठाकतात असा एक प्रसंग अभ्यासकांनी जितका उलगडावा तितका थोडा. काम्बिलीची पाळी सुरू होते, पोटात कळा येतात. वेदनाशामक गोळी रिकाम्या पोटी नको म्हणून मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, निघण्याच्या जरा आधी ती वाटीभर कॉर्नफ्लेक्स खाते. वडील बघतात. उपवास मोडला. पट्टा निघतो, आणि तो तिघांवर चालतो. खाणारी मुलगी, खाऊ देणारी आई, वाटी तयार करून देणारा भाऊ.

इथे चर्चचा नियम नेमका काय आहे ते माहीत असलं तर प्रसंग दुप्पट धारदार होतो. कॅथलिक परंपरेत ख्रिस्तप्रसादाआधीचा उपवास पूर्वी मध्यरात्रीपासून असे. १९५७ साली पोप बारावे पायस यांनी तो तीन तासांवर आणला आणि १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी एका तासावर. हा तासही मिस्सा सुरू होण्याआधीचा धरायचा नसून प्रत्यक्ष प्रसाद घेण्याआधीचा आहे, आणि प्रसाद मिस्सेच्या उत्तरार्धात येतो. १९८३ च्या धर्मसंहितेचं ९१९ वं कलम पाणी आणि औषध यांना मोकळीक देतं, आणि वृद्ध व आजारी माणसांना तर त्या तासातूनही सूट देतं. म्हणजे ज्या नियमासाठी पट्टा निघाला, तो नियम या प्रकरणात फार तर काही मिनिटांचा हिशेब होता. पाळीच्या कळा दुखण्यात मोडतात का, हा प्रश्न त्या घरात कुणी विचारतच नाही. कारण तो विचारायचा तर पाळी हा शब्द बापासमोर चर्चेचा विषय करावा लागेल.

अशा जागा आणखी आहेत, आणि त्या सगळ्या एकाच दिशेला बोट दाखवतात. सेंट अ‍ॅग्नेसचे गोरे पाद्री फादर बेनेडिक्ट श्रद्धाकथन आणि दयायाचना लॅटिनमध्येच व्हाव्यात असा आग्रह धरतात. कॅथलिक चर्चमध्ये सुधारणा करणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा, लोकभाषेला वाट करून देणारा दस्तऐवज मात्र ४ डिसेंबर १९६३ चा आहे. युजीन यांचं मत असं की देवाच्या घरात बाईचे केस झाकलेलेच हवेत आणि तिने पुरुषी कपडे घालता कामा नयेत. डोकं झाकण्याचा नियम १९१७ च्या धर्मसंहितेत होता, १९८३ च्या संहितेत तो नाही. आणि गंमत म्हणजे बापाने भिरकावलेला तो मिस्साग्रंथ तीन वर्षांत फिरून येणाऱ्या तीनही वर्षचक्रांची बायबल-वाचनं असलेला आहे, म्हणजे परिषदेनंतरच्या सुधारलेल्या उपासनेतला. युजीन ज्या धर्माच्या नावाने मारतात तो त्यांच्याच हातातल्या पुस्तकापेक्षा जुना आणि कडक आहे. तो त्यांना मिशनरी शाळेत मिळाला, आणि त्यांनी त्यात स्वतःची भीती मिसळली. म्हणून ‘ही कादंबरी ख्रिस्ती धर्मावर टीका करते’ हे विधान मला मान्य नाही. धर्मात सवलत असतानाही जी सवलत दिली जात नाही, आणि ती कुणाला दिली जात नाही, यावर तिचं बोट आहे.

आता हात आणि गर्भाशय. जाजा दहा वर्षांचा असताना पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वर्गात त्याचे धर्मशिक्षणाचे दोन प्रश्न चुकले आणि पहिला नंबर हुकला. बापाने त्याची डाव्या हाताची करंगळी कायमची वाकडी केली. उजवा हात वाचवला, कारण मुलगा त्या हाताने लिहितो. ही एक ओळ लेखिकेने किती थंडपणे ठेवली आहे! मुलाला शिक्षा करतानाही त्याचं भविष्य राखलं जातं. आईच्या बाबतीत नेमकं उलटं होतं. ती गरोदर आहे, मिस्सेनंतर तिला मळमळतं, फादर बेनेडिक्टना भेटायला आत न येता गाडीतच थांबावं असं तिला वाटतं. एवढ्यासाठी तिला मार बसतो आणि गर्भ जातो. त्यानंतर घरात सोळा नोव्हेना, म्हणजे नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थना, म्हटल्या जातात, आईला क्षमा मिळावी म्हणून. क्षमा कशाची, हे विचारायची मुलांना परवानगी नाही. काम्बिली तर तो विचार मनात येऊ नये म्हणून धडपडते.

आणि तरीही बिआट्रिस नवऱ्याची कृतज्ञ आहे. हे समजून घेतल्याशिवाय तिला दुबळी म्हणून निकालात काढू नये. तिच्या वारंवार होणाऱ्या गर्भपातांमुळे भाऊबंद युजीनवर दुसरी बायको करण्यासाठी दबाव आणत होते. त्यांनी केली नाही. मुलगे किती, यावर बाईचं स्थान ठरणाऱ्या समाजात हा नवरा तिला धर्माच्या आधारानेच टिकवून ठेवतो, आणि धर्माच्याच आधाराने तिला मारतो. नवरा हा बाईच्या आयुष्याचा मुकुट, असं ती नणंदेला सांगते. इफेओमा म्हणते की कधीकधी लग्न संपल्यावर आयुष्य सुरू होतं. बिआट्रिसला हे विद्यापीठी बोलणं वाटतं. या दोघींच्या संवादात इफेओमा भावजयीला इग्बोत, त्यांच्या मातृभाषेत, ‘माझी बायको’ असं म्हणून हाक मारते. लग्न एका पुरुषाशी नाही, सगळ्या घराशी होतं, ही समजूत त्या हाकेमागे आहे. कादंबरीत या हाकेला प्रेमाची ऊब आहे, पण मालकीचा अर्थही तिच्यातून पुसला गेलेला नाही.

त्या नर्तकींकडे परत या. मार खाल्ल्यावर बिआट्रिस दर वेळी त्या मांडणीपाशी जाते आणि एकेक बाहुली ओल्या फडक्याने पुसते. एका बाहुलीला पाव तास तरी लागतो. चेहऱ्यावर अश्रू नाहीत. वाकलेल्या, ताणलेल्या, एकाच पवित्र्यात थिजलेल्या बायकांची ती ओळ म्हणजे तिची खरी वेदी आहे. फुटल्यावर नवीन आणायच्या का, असं मुलगी विचारते तेव्हा आई म्हणते, नकोत. काम्बिलीला तेव्हा उमगतं की फुटल्या त्या फक्त बाहुल्या नव्हेत. मोजून बघितलं तर या नकाराइतका शांत आणि पक्का नकार साऱ्या कादंबरीत दुसरा नाही.

शीर्षकातलं फूल म्हणजे जास्वंद. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे लाल जास्वंद म्हटलं की गणपती येतो, आणि इथे तो संदर्भ बाजूला ठेवावा लागतो. तरी एक धागा जुळतो. एनुगूच्या घरातली लाल जास्वंदही वेदीसाठीच आहे. आईकडे प्रार्थनेला जमणाऱ्या बायका ती चर्च सजवायला तोडून नेतात, येणारेजाणारे तोडतात, धमकवायला आलेले सरकारी लोकसुद्धा जाता जाता तोडतात. फुलणं आहे, पण स्वतःसाठी नाही. जांभळी जास्वंद इफेओमाच्या अंगणात आहे आणि ती तिच्या मैत्रिणीच्या वनस्पतिशास्त्रातल्या प्रयोगांतून आलेली आहे. म्हणजे ती देवाने आयती दिलेली नाही, कुणाच्या वंशपरंपरेने आलेली नाही. बाईच्या अभ्यासातून, माणसाच्या हाताने घडलेली आहे. जाजा तिच्या फांद्या घरी नेऊन लावतो. वारसा म्हणून त्याला बापाकडून कारखाने मिळणार आहेत, आत्याकडून कलम मिळतं. पुस्तकाच्या नावाबद्दल बोलताना ‘स्वातंत्र्याचं प्रतीक’ एवढं म्हणून थांबणाऱ्या परीक्षणांत हा तपशील नेहमी गळतो.

न्सुक्काची प्रकरणं वाचताना वाचक सैल होतो, आणि तिथेच एक चूक होते. आत्याचं घर म्हणजे मोकळेपणा, आजोबांचा पारंपरिक धर्म म्हणजे निर्मळपणा, अशी सोपी वाटणी मनात तयार होते. अदिची तशी वाटणी करत नाहीत.

काम्बिलीचे आजोबा, पापा-न्नुक्वू, बाप्तिस्मा न घेतलेले. युजीन वडिलांना घरात पाऊल ठेवू देत नाहीत. नाताळात मुलांना त्यांच्याकडे पंधरा मिनिटं जायची मुभा, तीही काही न खातापिता. एका पहाटे काम्बिली त्यांची प्रार्थना चोरून ऐकते. ते व्हरांड्यात बसून खडूसारख्या पांढऱ्या न्झूने जमिनीवर रेघा ओढतात, देवापुढे आपला हिशेब मांडतात, लेकीसाठी मागतात, आणि ज्या मुलाने आपल्याला टाकलं त्या युजीनसाठीही मागतात. त्यांचं अंग उघडं आहे. नग्न शरीर पाहणं पाप, हे तिला पाठ आहे, तरी ती नजर वळवत नाही. ज्या मुलीला आरशात स्वतःच्या ओठांना लावलेली लालीसुद्धा पुसून टाकावीशी वाटते, ती इथे बघत उभी राहते.

आता हे दुसऱ्या एका प्रसंगाशेजारी ठेवा. नाताळातच आत्या सगळ्यांना मुखवट्यांची मिरवणूक दाखवायला नेते. त्यातला एक सर्वांत सामर्थ्यवान मुखवटा येताच हेच प्रेमळ आजोबा नातींना ओरडतात, नजर फिरवा, बायकांनी हा बघायचा नसतो. तिथेच जाजाला कळतं की आत्तेभाऊ ओबिओरा पुरुष होण्याच्या विधीतून गेला आहे आणि आपण नाही. त्याची मान खाली जाते. म्हणजे बघण्याचा अधिकार तिथेही पुरुषालाच, आणि पुरुषपणाचा दाखलाही तिथे विधीतूनच. इफेओमा आजोबांना सांभाळते, त्यांच्या औषधांसाठी धावपळ करते, आणि तेच तिला सांगतात की तू बाई, तू मोजली जात नाहीस. ती हसून परतवते. तिच्या हसण्याने वाक्याची धार कमी होते, वाक्य मात्र तिथेच राहतं. याच आजोबांच्या तोंडी कादंबरीतली सगळ्यात नेमकी धर्मचिकित्साही आहे. मिशनऱ्यांनी शिकवलं की बाप आणि मुलगा समान, मग माझा मुलगा मला जुमानेल कशाला, असं ते म्हणतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या त्रैक्याच्या सिद्धान्ताचा एका कुटुंबातल्या म्हाताऱ्यावर काय परिणाम झाला, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

आमाकाचं प्रकरण छोटं आहे, पण वजनदार. दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या विधीच्या, वेळी इंग्रजी नाव घ्यायची पद्धत आहे. काम्बिलीने मुकाट्याने रूथ हे नाव घेतलेलं आहे. आमाका नकार देते. चिआमाका म्हणजे देव सुंदर आहे, चिमा म्हणजे देवाला सगळं ठाऊक. ही नावं देवाचीच स्तुती करतात ना? मग पॉल किंवा पीटर लागतो कशाला? तिचं दृढीकरण होत नाही. तिने देव नाकारलेला नाही, फक्त त्याचं परकं नाव नाकारलं आहे. जाजाच्या नकाराइतकाच हा नकार मोठा आहे, पण त्याने काही फुटत नाही, म्हणून वाचकांच्या लक्षात राहत नाही. जाजाला तर इतिहासातला नायकही मिळतो. इफेओमा त्याला ओपोबोच्या राजा जाजाची गोष्ट सांगते, ज्याने ब्रिटिशांपुढे मान तुकवली नाही आणि ज्याला १८८७ मध्ये हद्दपार केलं गेलं. मुलाच्या बंडाला नावातच राजा मिळतो. मुलींना असा पूर्वज कुणी देत नाही. त्यांना तो घडवावा लागतो.

जाजाच्या मोठं होण्याची किंमत वेगळी आहे. आत्याच्या घरात ओबिओरा, चौदा वर्षांचा पोरगा, आईच्या पाठीशी पुरुषासारखा उभा राहतो. ते बघून जाजाला वाटायला लागतं की आईला वाचवणं हे माझं काम होतं आणि मी ते केलं नाही. हे ओझं त्याच्यावर बापाने टाकलेलं नाही, चर्चनेही नाही. मुलाने ढाल व्हायचं, ही अपेक्षा हवेतच असते. शेवटी तो जे करतो ते याच अपेक्षेतून. त्याला त्याग म्हणावं की मुलग्यांकडून समाजाने उकळलेली खंडणी, यावर वाचकांचं एकमत होणार नाही. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं.

युजीन राक्षस नाहीत, हे लेखिकेचं मोठं यश. बाथटबमध्ये उभ्या मुलीच्या पायांवर उकळतं पाणी ओतताना ते रडतात. पाप दिसत असताना तू त्याच्याकडे चालत गेलीस, म्हणून पाय. पुढे ते सांगतात की मिशनरी शाळेत असताना स्वतःच्या शरीराशी केलेल्या पापाबद्दल एका पाद्र्याने त्यांचे हात उकळत्या पाण्यात बुडवले होते, आणि ते आपल्या भल्यासाठीच होतं. बाप्तिस्म्याचं पाणी एका पिढीतून दुसऱ्या पिढीत असं कढत जातं. फादर बेनेडिक्ट प्रवचनात पोप, युजीन आणि येशू यांची नावं याच क्रमाने घेतात. एवढी स्तुती ज्याच्या वाट्याला येते त्याला घरात कुणी प्रश्न विचारेल कसा?

उणिवाही आहेत आणि त्या लहान नाहीत. फादर आमादी हे तरुण इग्बो पाद्री. मिस्सेत इग्बो गाणी म्हणतात, पोरांना मैदानावर पळवतात, त्यांच्या चेहऱ्यांत ख्रिस्त दिसतो म्हणतात. गोऱ्या, सोनेरी केसांच्या ख्रिस्ताची सवय असलेल्या काम्बिलीला हे झेपत नाही, आणि इथवर सगळं सुंदर आहे. पण पंधरा वर्षांची, घरात मार खाणारी मुलगी आणि ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेला पाद्री यांच्यातली ओढ कादंबरी फारच हळुवारपणे हाताळते. आमादी तिला आवाज देतात, हे खरं. तो आवाज पुन्हा एका पुरुषाच्या, पुन्हा एका धर्मगुरूच्या मान्यतेतून येतो, ही अडचण लेखिकेला जाणवलेली दिसत नाही. काम्बिलीच्या भोळ्या निवेदनाआड ती झाकली जाते. इफेओमा जरा जास्तच उजळ रंगवलेली आहे. पगार थकलेला, पेट्रोल मिळत नाही, विद्यापीठ मोडकळीला आलेलं, तरी ती चुकत नाही, चिडत नाही. घरकाम करणारी सीसी कथेला गरज पडली की येते आणि तेवढ्यापुरतीच. राजकीय धागा भक्कम आहे, पण घाईत विणलेला. युजीन यांच्या वृत्तपत्राचे संपादक आदे कोकर यांच्या घरी येणारं जीवघेणं पाकीट वाचताना १९ ऑक्टोबर १९८६ रोजी लागोसमध्ये पार्सल बॉम्बने मारले गेलेले पत्रकार डेले गिवा आठवतात. हा संदर्भ माहीत नसला तर तो प्रसंग कादंबरीने सोयीसाठी रचल्यासारखा वाटतो.

वाचायला घेताना काही गोष्टी सांभाळल्या तर पुस्तक जास्त देतं. त्याचे चार भाग आहेत. पहिला झावळ्यांच्या रविवारचा, अगदी छोटा. दुसरा त्याआधीचा काळ सांगणारा, आणि जवळजवळ सगळं पुस्तक व्यापणारा. तिसरा त्या रविवारनंतरचा. चौथा वर्तमानातला. पहिला भाग एका बैठकीत वाचा आणि न कळलेलं तसंच सोडा. दुसऱ्या भागातला प्रत्येक प्रसंग त्या फुटलेल्या मांडणीकडे चालला आहे, हे मनात असलं की पुरे. इग्बो शब्दांपाशी थांबून शब्दकोश उघडण्याची गरज नाही. संदर्भाने अर्थ उलगडतो. त्यापेक्षा कोण कधी इग्बो बोलतं ते टिपा. युजीन चारचौघांत इंग्रजीच वापरतात, फादर बेनेडिक्टपुढे तर उच्चारही बदलतात, आणि राग अनावर झाला की इग्बोत उतरतात. इफेओमाच्या घरी याच भाषेत विनोद होतात. अभ्यासासाठी वाचत असाल तर एका कागदावर चार रकाने आखा : वस्तू, ती कुणाच्या हातात, कुणाच्या कुठल्या अवयवाला लागली, त्या वेळी भाषा कोणती. चहा, प्रसादाची चकती, पट्टा, पाणी, झावळ्या, न्झू, लाली एवढ्याच वस्तू घेतल्या तरी निबंधाचा कच्चा माल तयार होतो. प्रतीकांची यादी पाठ करून लिहिलेले निबंध याच जागी फसतात. त्यांत जांभळं म्हणजे स्वातंत्र्य, लाल म्हणजे जुलूम असं कोष्टक असतं, पण लाल जास्वंद तोडणारे हात कुणाचे, हे नसतं.

वाचनगटात घ्यायचं असेल तर उपवासाचा प्रसंग आणि मुखवट्यांचा प्रसंग एकाच बैठकीत घ्या. वेगवेगळे घेतले तर पहिल्यावर चर्चवर राग निघतो आणि दुसऱ्यावर परंपरेचं कौतुक होतं. मुलांवरची आणि बाईवरची मारहाण, गर्भपात, रक्त हे सगळं पानांवर आहे आणि सौम्य केलेलं नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकाच्या हाती देताना मोठ्या माणसाने आधी वाचलेलं असावं आणि नंतर बोलायला हजर असावं. घरात असं काही सोसलेल्या वाचकाला दुसऱ्या भागाच्या शेवटची काही प्रकरणं जड जातील. त्यांनी ती सलग न वाचता थांबत थांबत वाचावीत.

शेवट इथे फोडत नाही. फक्त चहाच्या कपावर लक्ष असू द्या. पहिल्या भागात तो कुणी कुणाला दिला आणि पुढे तो कोण ओततं, हे ज्याने टिपलं असेल त्याला तिसऱ्या भागातला धक्का अकस्मात वाटणार नाही. पुस्तक संपलं की पुन्हा पहिली काही पानं उघडा. आईने चर्चमधून आणलेल्या ओल्या झावळ्या तिथे आहेत. त्यांचे क्रूस विणून भिंतीवर कुटुंबाच्या फोटोशेजारी टांगले जातील, वर्षभर वाळतील, आणि पुढच्या राखेच्या बुधवारी, ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, चर्चमध्ये जाळले जातील. दर वर्षी युजीन ती राख लोकांच्या कपाळावर बोट जोरात दाबून लावत आले आहेत.